पायाच्या खड्ड्यात लागलेली खापरं आणि ठाण्याच्या पोटातलं श्रीस्थानक

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याच्या चरईतली जुनी इमारत पाडून पुनर्विकास चालू आहे. पायाच्या खड्ड्यात साधारण दहा फुटांवर विटांची एक ओळ, काळी माती आणि बरीच खापरं दिसली. त्यांतल्या दोन-तीन तुकड्यांवर हिरवट-निळी चकाकी आहे. हे शिलाहार राजांचं श्रीस्थानक, म्हणजे मध्ययुगातलं ठाणं असेल का? असेल, तर इथे हंपीसारखं मोठं उत्खनन का होत नाही? आणि तोवर आम्ही रहिवाशांनी काय करायचं?

खापरांपासून सुरुवात करते, कारण या क्षणी तुमच्या हातात तेवढंच आहे.

चकाकीचा तुकडा घ्या आणि आधी त्याची तुटलेली कड बघा, वरचा रंग नंतर. कड पांढरीशुभ्र आणि दगडासारखी कडक असेल, तर तो तुकडा बहुधा टाइलचा किंवा अलीकडच्या कपबशीचा. कडेची माती फिकट पिवळसर, मऊ, नखाने ओरखडली तर भुकटी सोडणारी असेल, आणि वरचा हिरवट-निळा लेप जाड, जागोजागी पापुद्रे सुटलेला असेल, तर मात्र जपून ठेवा. ती भांडी आपल्या कुंभारवाड्यातली नव्हेत. इराण-इराकच्या बाजूने, आखातातून गलबतांवर चढून ती इथे आली. संजाणला ती मिळाली, चौलला मिळाली. कोकणच्या मध्ययुगीन बंदरात ती सापडणं अगदी अपेक्षित आहे. पांढऱ्या कडक मातीवर निळी नक्षी असेल तर ते चिनी भांडं. ते चौदाव्या शतकाच्या आधीचं नसतं, आणि ठाण्यासारख्या ठिकाणी पोर्तुगीज काळातलं किंवा त्यानंतरचं असण्याची शक्यता जास्त.

आणखी एका प्रकारचं खापर लोक हमखास फेकून देतात. जाड असतं, बाहेरून काही विशेष नसतं आणि आतून डांबर फासल्यासारखं काळं असतं. ते खरोखर डांबरच असतं, जमिनीतून निघणारं. पातळ पदार्थ पाझरू नये म्हणून आतून लावलेलं. लांबुळक्या, टोकदार बुडाच्या या रांजणांना आम्ही टॉर्पेडो जार म्हणतो. तेही आखातातूनच आले, घारापुरीला आणि संजाणला त्यांचे तुकडे सापडलेत. साधारण नवव्या शतकानंतर ते दिसेनासे होतात. म्हणून असा एक तुकडा जागच्या जागी, न हललेल्या थरात मिळाला, तर शिलाहारांच्या अगदी सुरुवातीच्या काळापर्यंत किंवा त्याच्याही मागे तुम्ही पोचलात असं म्हणता येतं. तुमच्या ढिगात असलं काही आहे का, पुन्हा एकदा बघा.

आता विटांची ओळ आणि दहा फूट खोली. इथे थोडं सबुरीने घ्यावं लागेल. खोल म्हणजे जुनं, हा समज शहरात चालत नाही. गावाबाहेरच्या टेकाडावर थर बऱ्यापैकी एकावर एक बसलेले असतात. शहरात माणूस सतत खणत असतो. विहीर, शोषखड्डा, पाया, कचऱ्याचा खड्डा, जुन्या भिंतीचे दगड काढून नेण्यासाठी मारलेली चर. आजचा खड्डा कालच्या खड्ड्याला कापत जातो आणि वरची माती खाली, खालची वर होते.

कोकणातल्या एका खाडीकाठच्या जागेवर आम्ही काम करत होतो. दोन मीटरवर निळ्या-पांढऱ्या चिनी बशीचा हातभर मोठा तुकडा निघाला. काठावरची वेल पूर्ण दिसत होती. सगळे कामगार कुदळी ठेवून बघायला आले. मी मनातल्या मनात त्या थराचं शतकही ठरवून टाकलं. तासाभराने त्याच मातीत, बशीच्या बोटभर खाली, थापीला जाड हिरवट काच लागली. गळ्यापाशी दोन्ही बाजूंनी चिमटा घेतल्यासारखी. गोटी सोड्याची बाटली. त्या बाटलीचं पेटंट १८७२ चं. म्हणजे तो खड्डा कितीही खोल असो, तो बुजला १८७२ नंतर, आणि ती सुंदर बशी कुणाच्या तरी घरातली जुनी वस्तू म्हणून फुटल्यावर त्यात पडली. थराचं वय त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून ठरतं, सर्वांत देखण्या वस्तूवरून नाही. विद्यार्थ्यांना हे मी पहिल्या दिवशी सांगते, आणि त्या दिवशी ते मलाच नव्याने शिकावं लागलं.

तेव्हा विटा मोजा. लांबी नऊ इंचांच्या आसपास असेल तर इंग्रजी अमदानीतला हौद किंवा गटार समजा. चाळीस सेंटिमीटरच्या आसपासची मोठी, पसरट वीट असेल तर ती फार जुन्या घडणीची. पण मध्ययुगातले लोक जुन्या विटा उचलून पुन्हा वापरत, म्हणून वीट जुनी म्हणजे भिंत जुनी असंही नाही. ओळीच्या दोन्ही बाजूंची माती वेगळ्या रंगाची आहे का, विटांमध्ये चुना आहे की चिखल, हे जास्त महत्त्वाचं.

जागेचं म्हणाल तर तुमची शंका अजिबात अस्थानी नाही. चरई, जांभळी नाका, टेंभी नाका, कौपिनेश्वराचा परिसर, खारकर आळी, खाडीकडे महागिरी आणि चेंदणी कोळीवाडा, हा जुन्या ठाण्याचा गाभा. मासुंदा तलावाभोवती वस्ती, पलीकडे खाडी आणि बंदर. कोकणात देशासारखी पांढरीची टेकाडं क्वचितच दिसतात. देशावर पांढर म्हटली की गावाची जुनी जागा, लांबून ओळखू येते. इथे पाऊस सगळं धुऊन सपाट करतो आणि उरलेल्यावर आपण चाळी बांधतो. त्यामुळे ठाण्यात जुनं शहर वरून दिसत नाही. ते फक्त खड्ड्याच्या कडेत दिसतं.

आणि ते पहिल्यांदा दिसलं तेही पायाच्याच खड्ड्यात. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना तीन ताम्रपट निघाले. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि आज मध्यवर्ती कारागृह असलेला तोच किल्ला. ताम्रपट होते शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ म्हणजे १०१७ सालचे. त्यात चौदाशे गावांच्या कोकणाचा उल्लेख आहे. दानाची खबर ज्यांना द्यायची त्या नगरजनांच्या यादीत ‘हंजमननगर’ असा शब्द येतो. हंजमन म्हणजे पारशांची अंजुमन, म्हणजे त्यांची जमात असावी असं बरेच अभ्यासक मानतात. त्याआधी राष्ट्रकूट काळात, ९२६ च्या चिंचणी ताम्रपटात तर संजाणच्या मंडळाचा कारभारी म्हणून मधुमती, म्हणजे मुहम्मद नावाचा माणूस दिसतो. हा किनारा असा होता. पुढे अंबरनाथचं शिवालय मुम्मुणिराजाच्या वेळी, शके ९८२ म्हणजे १०६० मध्ये पुरं झालं. १२६५ च्या सुमारास यादवांनी शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला समुद्रावर हरवलं. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचं कातडं आणि सुती कापड येतं. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, म्हणून युरोपातल्या कागदपत्रांतही गावाचं नाव राहिलं.

पण या सगळ्यात घर कुठे आहे? ताम्रपट राजाचा, शिलालेख देवळाचा, वृत्तांत परक्या प्रवाशाचा. कातडं कमावणारे कुठल्या आळीत बसत, खाडीचा काठ तेव्हा कुठवर होता, माणसं भात कुठलं खात, मासे कुठले, बकरं कापत की गाय, आगीने गाव कितीदा जळलं, बायकांच्या हातात बांगड्या कसल्या होत्या, हे फक्त माती सांगते. शहराचं उत्खनन करायचं ते याच्यासाठी. राजवाडा सापडेल म्हणून खणणाऱ्यांना मी नेहमी परत पाठवते.

हंपीशी तुलना करताना एक फरक लक्षात घ्या. विजयनगर १५६५ च्या पराभवानंतर ओसाड पडलं. गुजरातमधलं चांपानेर १४८४ मध्ये महमूद बेगड्याने घेतलं, तिथे राजधानी वसवली, आणि १५३५ मध्ये हुमायूनने जिंकल्यावर, म्हणजे वसल्यापासून पन्नासेक वर्षांतच, ते उजाड होत गेलं. अशा जागी एकाच काळाचं शहर वरच्या वर पडलेलं असतं. झाडी तोडली, माती बाजूला केली की रस्ते, हौद, जोती दिसू लागतात. ठाणं कधी ओसाडच पडलं नाही. इथे शिलाहारांवर मुसलमानी अंमल, त्यावर पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, आणि त्यावर तुमची चार मजली इमारत. ठाण्यासाठी धडा घ्यायचा तो वेगळ्या दोन ठिकाणांवरून.

एक कोल्हापूरची ब्रह्मपुरी. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे खणलं आणि १९५२ मध्ये अहवाल छापला. पंचगंगेच्या काठची ही जागा प्रसिद्ध झाली ती रोमन काळातल्या, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या कांस्य पुतळ्यामुळे. मला मात्र तिथला बहामनी थर जास्त मोलाचा वाटतो. साधी घरं, साधी भांडी आणि रंगीत काचेच्या बांगड्यांचे ढीगभर तुकडे. काळ्या किंवा गडद काचेवर पिवळ्या, लाल, हिरव्या काचेचे पट्टे आणि ठिपके वितळवून बसवलेले. त्या बांगड्या आज महाराष्ट्रात कुठल्याही चरीत निघाल्या की बहामनी काळाची आठवण आधी होते. शहर सामान्य माणसाच्या वस्तूंतून कसं वाचायचं, ते तिथे कळतं.

दुसरं संजाण. डहाणूच्या पुढे, गुजरातची हद्द ओलांडली की लगेच, वारोली नदीच्या काठी. २००२ ते २००४ असे तीन हंगाम तिथे उत्खनन झालं. मोठ्या देवळांचे अवशेष दिसावेत अशी ती जागा नव्हे. मिळालं काय, तर खापरं, काच, मणी, नाणी, आणि पश्चिम आशियाई व चिनी भांड्यांचे इतके प्रकार, की आठव्या ते तेराव्या शतकातलं हे बंदर कुणाकुणाशी व्यापार करत होतं ते त्यावरून मांडता आलं. शिलाहारकालीन ठाण्याच्या खाली काय असेल याचा सर्वांत जवळचा नमुना मला तोच वाटतो.

मोठं उत्खनन म्हणजे प्रत्यक्षात किती काम, याचा हिशेब करून बघा. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन, तीन मीटर खोल. तीनशे घनमीटर माती. एका डंपरमध्ये साधारण दहा घनमीटर धरले तर तीस डंपर. पोकलेन लावलं तर एका दिवसाचं काम. आम्हाला तेवढ्यालाच दोन हंगाम लागतात. हंगाम म्हणजे दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत, कारण पावसात कोकणात चर उघडी ठेवता येत नाही. त्या चौकोनात माती रंग बदलेल तिथे थांबायचं, प्रत्येक वेगळ्या मातीला वेगळा क्रमांक द्यायचा, कोण कुणाला कापतंय ते लिहायचं, फोटो घ्यायचा, पातळी मोजायची आणि मगच तेवढीच माती उचलायची. उचललेली माती चाळायची. निवडक माती पाण्यात ढवळायची म्हणजे करपलेले दाणे आणि कोळसा वर तरंगतो. दाणा भाताचा की नाचणीचा, ते तिथून कळतं. कोळशावरून काळ काढता येतो, पण जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा काळ मागे ओढतो, म्हणून मी दाण्यावर जास्त विश्वास ठेवते. खापरं धुऊन सावलीत वाळवायची, एकेकावर शाईने चर आणि थराचा क्रमांक घालायचा. माझ्या अनुभवात मैदानावरच्या एका महिन्याला टेबलावरचे किमान तीन लागतात. पैसे मागताना हे तीन महिने वगळले, तर अहवाल निघत नाही, आणि अहवालाशिवायचं उत्खनन म्हणजे वाचायच्या आधी जाळलेली पोथी.

कोकणात आणखी दोन गोष्टी. जांभ्याच्या आम्लयुक्त मातीत हाडं विरघळतात, त्यामुळे जनावरांबद्दल फार थोडं कळतं. शिंपल्यांचा ढीग असेल तिथेच हाडं बरी टिकतात. उलट खाडीच्या बाजूला, महागिरी-चेंदणीच्या पट्ट्यात, खालचा गाळ सतत ओला आणि बिनहवेचा असतो. अशा गाळात लाकूड, दोर, कातडंही शतकानुशतकं टिकू शकतं. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाच्या रस्त्याकाठी १९७६ ते १९८१ अशी पाच वर्षं खणलं, तेव्हा अशाच ओल्या मातीतून हजारभर वर्षांपूर्वीची लाकडी घरं, जोडे, कापड निघालं. ती जागाही पुनर्विकासाचीच होती. उत्खनन संपल्यावर वर बाजारसंकुल उभं राहिलं, आणि तळाशी १९८४ मध्ये संग्रहालय उघडलं. विकास थांबला नाही. आधी माती वाचली, मग इमारत झाली, एवढंच.

आपल्याकडे हे का होत नाही, तर याचं सरळ उत्तर असं की तसं बंधन नाही. १९५८ चा कायदा संरक्षित स्मारकं आणि स्थळांना सांभाळतो. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरांत नियंत्रण आलं. पण चरईतला भूखंड संरक्षित नाही. तिथे पाया खणण्याआधी पुरातत्त्व तपासणी करा असं विकासकाला सांगणारा नियम नाही. इंग्लंडमध्ये १९९० पासून परवानगीच्या वेळीच ते बघतात. आपल्याकडे विद्यापीठाने किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याने खणायचं म्हटलं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना, जागामालकाची संमती आणि निधी हवा. हे जुळेपर्यंत इमारतीचा तिसरा स्लॅब पडतो.

काही वर्षांपूर्वी जुन्या ठाण्यातल्याच एका भूखंडावर मी दोन दिवस मागितले होते. काम बंद करा म्हटलं नव्हतं. खड्ड्याची एक बाजू खरवडून तिचं चित्र काढायचं, एवढंच. कडेत राखेचा एक पट्टा दिसत होता, बारा फूट तरी लांब, एका पातळीत, त्याखाली तुडवून घट्ट केलेली जमीन. जळालेलं घर. तिथल्या साहेबांनी सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारी सकाळी सातला गेले तर चारही बाजूंना काँक्रीट होतं. घाबरले असावेत, काम अडेल म्हणून. त्यांची भीती मी समजू शकते, पण तो राखेचा पट्टा आजही डोळ्यांसमोरून जात नाही. कुठल्या शतकातली आग होती ती, आता कधीच कळणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की ठाण्यात हंपीसारखं एक भव्य उत्खनन होईल याची वाट बघू नये. श्रीस्थानकाचं मोठं उत्खनन रोज चालूच आहे, पोकलेनने. जुन्या गाभ्यात दरवर्षी उघडणाऱ्या प्रत्येक खड्ड्याची एक कड जरी दोन तासांत नोंदवली, तरी दहा वर्षांत कुठे काळी वस्तीची माती आहे, कुठे नुसता गाळ, कुठे भराव, याचा नकाशा तयार होईल. मग पालिकेला किंवा विद्यापीठाला सांगता येईल की अमुक मैदानाच्या कोपऱ्यात, अमुक शाळेच्या आवारात चर घ्या. आंधळेपणाने खणण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

तुमच्या खड्ड्यापुरतं सांगते. आत एकटे उतरू नका, ओल्या मातीची कड सूचना न देता कोसळते. ठेकेदाराला सांगून, दुपारच्या सुट्टीत, वरून फोटो घेता आले तरी चालतील. फोटोत मोजपट्टी किंवा निदान खुणा केलेली काठी हवी, आणि उत्तर कुठे ते लिहून ठेवा. खापरं आधीच उचलली असतील तर ती कुठल्या बाजूची, किती खोलीवरची, हे आजच कागदावर उतरवा. महिन्याभरात विसरायला होतं. साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. ॲसिड किंवा टाइल क्लीनर अजिबात नको. डांबराचं खापर धुऊच नका.

नाणं, मूर्ती, ताम्रपट, दागिना असलं काही निघालं तर ते घरी नेऊ नका आणि कुणाला विकू देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची जमिनीत सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तूंचा बिनपरवाना व्यापार हा गुन्हा ठरतो. सोसायटीच्या सभेत हे आधीच सांगून टाका, म्हणजे ऐनवेळी गडबड होत नाही. खापरांच्या आणि थरांच्या नोंदीसाठी राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा मुंबई विद्यापीठातले पुरातत्त्वाचे शिक्षक यांना लिहा. लिहिताना ‘शिलाहारांची राजधानी सापडली’ असं नको. ‘चरईत दहा फुटांवर काळा थर आणि चकाकीची खापरं, खड्डा अमुक तारखेपर्यंत उघडा’ असं लिहा. दुसऱ्या पत्राला माणूस लवकर येतो.

आणि ती विटांची ओळ ज्या बाजूला आहे ती अजून उघडी असेल, तर उद्याच एक करा. औषध फवारायचा पंप मिळाला तर कडेवर वरून पाण्याची हलकी फवार मारा, धार नको. कोरड्या मातीत सगळं एकसारखं तपकिरी दिसतं, ओली झाली की थर उठून येतात. ऊन यायच्या आत, सावलीत फोटो घ्या. विटांच्या वरून खाली येणारी एखादी तिरपी रेघ दिसते का, ते मला त्यात बघायचं आहे. ती रेघ दिसली तर ओळ नंतरच्या खड्ड्यात बांधलेली आहे. काळा थर विटांवरून अखंड, न तुटता गेलेला दिसला, तर फोन हातात असतानाच ठेकेदाराकडे एक दिवस मागून घ्या. मी येते.